ईमेलमध्ये फॉरमॅटिंग आणि लिंक कशा द्याव्यात: नवख्यांसाठी

वेबपेज बनवता येतं म्हणजे मेलही तसाच बनवता येईल, असं वाटणं साहजिक आहे. दोन्हीकडे एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना सांगणारी खुणांची भाषा, असते. रंग, ठळक अक्षरं, चित्रं आणि लिंकही दोन्हीकडे. पण पाठवलेला मेल दुसऱ्याच्या मशिनवर उघडला की शेजारशेजारचे रकाने एकाखाली एक आलेले दिसतात, बटणाचा नुसता निळा शब्द उरलेला असतो. एखाद्याला तर मेल रिकामाच आल्यासारखा वाटतो, कारण सगळा मजकूर चित्रात होता आणि त्याच्याकडे चित्रं बंद होती.

वेबपेज दाखवणारे ब्राउझर मोजकेच आहेत आणि ते बरेचसे सारखे वागतात. मेलचं तसं नाही. जीमेल, आउटलुक, ॲपल मेल, थंडरबर्ड, प्रत्येक कंपनीचं फोनवरचं ॲप, प्रत्येकाची चाळणी वेगळी. सुरक्षेसाठी काय काढून टाकायचं, हे ज्याचं तो ठरवतो. म्हणजे मेलमधली सजावट ही वाचणाऱ्याच्या प्रोग्रामला केलेली विनंती असते आणि तो ती मानेलच असं नाही. मानली नाही तरी मजकूर समजला पाहिजे आणि लिंक कुठे नेते ते कळलं पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

तुम्ही फक्त जीमेल किंवा आउटलुकच्या लिहायच्या चौकटीत टाइप करून मेल पाठवत असाल, तर तिसरी पायरी सोडून द्या. बाकीच्या तुमच्याही कामाच्या आहेत.

पायरी १: आधी साधा मजकूर

ईमेल जन्मला तेव्हा त्यात सजावटीची सोयच नव्हती. १९८२ सालच्या आरएफसी ८२२ या मानकात मेल म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी, बस. चित्रं, जोडलेल्या फाइली, इतर लिप्या हे सगळं १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम या मानकामुळे शक्य झालं. तुम्ही मराठीत मेल पाठवू शकता, तेही त्याच्यामुळेच.

माइममध्ये 'मल्टिपार्ट ऑल्टरनेटिव्ह' नावाची रचना आहे. एकाच पाकिटात एकाच पत्राच्या दोन प्रती: एक साध्या मजकुराची, एक एचटीएमएलची. वाचणारा प्रोग्राम त्यातली आपल्याला झेपणारी प्रत उचलतो. क्रम मात्र ठरलेला आहे. साधी प्रत आधी आणि एचटीएमएल शेवटी, कारण प्रोग्रामला समजणारी सर्वांत शेवटची प्रत ही सर्वांत चांगली मानली जाते. स्वतः कोड लिहून मेल पाठवणारे हा क्रम उलटा ठेवतात आणि मग सजावट दिसत का नाही म्हणून दिवसभर शोधत बसतात.

मेल पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा साधी प्रत आपोआप तयार करतात. ती एकदा उघडून वाचाच. बहुतेक वेळा त्यात 'नोंदणीसाठी इथे क्लिक करा' हे शब्द असतात आणि त्यांच्यामागचा पत्ता गायब असतो. साधी प्रत हल्ली कोण वाचतं, असं म्हणू नका. काही स्मार्टवॉच तीच दाखवतात, काही जण सुरक्षेसाठी एचटीएमएल बंदच ठेवतात, आणि स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणा दोन्ही प्रती पाहतात.

साध्या प्रतीत लिंकचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो आणि तो स्वतंत्र ओळीवर असावा. वाक्याच्या शेवटी पत्ता दिला आणि लगेच पूर्णविराम टाकला, तर काही प्रोग्राम तो पूर्णविरामही पत्त्यात धरतात आणि लिंक तुटते. कंसाचंही तसंच होतं. पत्ता < आणि > या खुणांमध्ये ठेवणं ही जुनी पद्धत आहे, पत्ते कसे लिहावेत हे सांगणाऱ्या मानकातही तिची शिफारस आहे. लांबलचक पत्ता दोन ओळींत मोडला तरी तो कुठे संपतो हे त्यामुळे कळतं.

ओळी हाताने एंटर मारून तोडू नका. मानकानुसार एका ओळीत ९९८ पेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत आणि ७८ पर्यंत असावीत अशी शिफारस आहे, पण ते काम पाठवणारा प्रोग्राम करतो. तुम्ही हाताने तोडलेल्या ओळी फोनवर एक लांब, एक आखूड अशा दातेरी दिसतात.

पायरी २: गरजेपुरती सजावट

परिच्छेद, एखादं उपशीर्षक, गरज असेल तर यादी आणि चारदोन ठळक शब्द. बहुतेक मेलना याहून जास्त काही लागत नाही. मुदतीची तारीख ठळक करा, अख्खा परिच्छेद नको.

देवनागरीसाठी काही गोष्टी वेगळ्याने सांगायला हव्यात, कारण इंग्रजीतले सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिरपी अक्षरं टाळा. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये खास तिरपी अक्षरं घडवलेली नसतात, त्यामुळे प्रोग्राम सरळ अक्षरंच वाकडी करून दाखवतो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. अधोरेखन फक्त लिंकसाठी राखून ठेवा. एक तर रेघ उकारांवरून जाते आणि 'पु', 'कृ' वाचायला त्रास होतो. दुसरं म्हणजे रेघ दिसली की लोक तिथे बोट लावतात.

ओळींमधलं अंतरही थोडं मोकळं हवं. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा त्याहून किंचित जास्त ठेवा. अक्षरांचा आकार १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. सुंदर वेबफॉन्टचा (नेटवरून उतरणाऱ्या फॉन्टचा) मोह होतो, पण जीमेलसह अनेक ठिकाणी तो लागतच नाही आणि मशिनवर असेल तो फॉन्ट दिसतो. तेव्हा रचना कोणत्याही फॉन्टमध्ये टिकेल अशी करा.

वर्डमधून मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवण्याची सवय असेल तर ती मोडा. त्याच्यासोबत न दिसणारा बराच कचरा येतो: फॉन्टची नावं, रंग, समास. तुमच्या पडद्यावर सगळं ठीक दिसतं, समोरच्याकडे मात्र मधलाच परिच्छेद बारीक अक्षरांत उमटतो. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबून चिकटवलं तर बहुतेक ठिकाणी नुसता मजकूर येतो. मग ठळक वगैरे तिथेच करा.

पायरी ३: स्वतः एचटीएमएल लिहिणार असाल तर

इथे वेबवरचं बरंच ज्ञान बाजूला ठेवावं लागतं. विंडोजवरचं जुन्या पद्धतीचं आउटलुक २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला ब्राउझरचं इंजिन न वापरता वर्डचं इंजिन वापरतं. नवं आउटलुक ब्राउझरसारखं वागतं, पण जुनं अजून कितीतरी कार्यालयांत आहे. त्यात पार्श्वभूमीचं चित्र, गोल कोपरे, कमाल रुंदीची मर्यादा यांपैकी काही चालत नाही. म्हणून वेबवर केव्हाच मोडीत निघालेली टेबलांची मांडणी मेलमध्ये अजून टिकून आहे. मांडणीसाठी वापरलेल्या प्रत्येक टेबलाला 'रोल' म्हणून 'प्रेझेंटेशन' द्या, नाहीतर पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला ओळ एक, रकाना दोन असं काहीबाही ऐकावं लागतं.

मुख्य भागाची रुंदी ६०० पिक्सेलच्या आसपास ठेवा आणि शक्यतो एकच रकाना करा. एकाच रकान्याची मांडणी दिसायला फार चमकदार नसेल, पण मोडायला तिच्यात काही नसतंच.

रंग, आकार, अंतर यांची सीएसएस (दिसण्याचे नियम) प्रत्येक टॅगमध्येच लिहा. वर वेगळा स्टाइलचा भाग ठेवला तर जीमेल २०१६ पासून तो बऱ्याच अंशी मानतं. पण जीमेलच्या ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलेलं असेल तर तो भाग गळून पडतो. तेव्हा मूळ दिसणं टॅगमध्ये लिहा आणि फोनसाठीचे बारीक बदल तेवढे वरच्या भागात ठेवा.

जावास्क्रिप्ट कुठेच चालत नाही आणि चालू नये हेच बरं. फॉर्म भरून घेण्यावर, आतल्या चौकटीत दुसरं पान दाखवण्यावरही भरवसा ठेवू नका. माहिती हवी असेल तर लिंक द्या आणि फॉर्म वेबपेजवर ठेवा.

वजनावर लक्ष ठेवा. एचटीएमएल साधारण १०२ किलोबाइटच्या वर गेलं की जीमेल मेल मध्येच कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' अशा अर्थाची लिंक दाखवतं. नेमकी तळाशी असलेली सदस्यत्व रद्द करण्याची लिंक त्यात अडकते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे त्याच लांबीच्या इंग्रजी मजकुराच्या तिप्पट. काही साधनं अक्षरांच्या जागी आकडी संकेत घालतात. त्यात एकेका चिन्हाचे ७ बाइट होतात. मेल यूटीएफ-८ मध्ये आहे असं जाहीर करा आणि अक्षरं सरळ लिहा.

पायरी ४: लिंक

मेलमध्ये सगळ्यात जास्त विचार करायला हवा तो लिंकचा. सजावट बिघडली तर मेल कुरूप दिसतो, लिंक चुकली तर काम अडतं किंवा समोरचा माणूस फसतो.

पहिलं तांत्रिक काम सोपं आहे: प्रत्येक लिंक एचटीटीपीएसपासून सुरू होणारी, पूर्ण पत्त्याची असावी. वेबसाइटवर नुसतं 'संपर्क' पानाचं नाव लिहिलं तरी ब्राउझर पुढचं समजून घेतो, कारण तो त्या साइटवरच असतो. मेल कुठल्याच साइटवर नसतो. मेलच्या आतच वरून खाली उडी मारणाऱ्या लिंकही भरवशाच्या नाहीत, त्यामुळे सुरुवातीला अनुक्रमणिका देऊन तिला लिंक लावण्याचा बेत सोडा. ज्या मेलला अनुक्रमणिका लागते, तो तसाही फार लांबला आहे.

लिंकचे शब्द असे निवडा की तेवढेच वाचले तरी पुढे काय उघडेल ते समजावं. 'प्रवेश अर्ज भरा', 'मार्चचं बिल पाहा', 'बैठकीचा कार्यवृत्तांत (पीडीएफ)'. पडदावाचक वापरणारे बऱ्याचदा मेलमधल्या फक्त लिंकची यादी ऐकतात. त्यात सहा वेळा 'इथे' ऐकून कोणाला काय कळणार? पूर्ण वाक्य लिंक करू नका आणि एकच अक्षरही करू नका, फोनवर अंगठ्याला ते सापडत नाही.

आता प्रामाणिकपणाचा भाग. एचटीएमएलमध्ये दिसणारे शब्द एक आणि जाण्याचा पत्ता दुसरा असू शकतो. फसवणुकीचे मेल याच सोयीवर जगतात: दिसतो बँकेचा पत्ता, उघडतं भलतंच. म्हणून लिंकच्या शब्दांमध्ये पत्ता लिहिला असेल तर जाण्याचा पत्ताही अक्षरशः तोच हवा. यात अनेक चांगल्या संस्था नकळत अडकतात. कोणी क्लिक केलं ते मोजण्यासाठी मेल पाठवणारी सेवा प्रत्येक लिंक आपल्या पत्त्यावरून वळवते. तुम्ही हौसेने संस्थेचा पत्ता जसाच्या तसा लिहिलेला असतो, मागे मात्र तिसऱ्याच कंपनीचं नाव असतं. थंडरबर्डसारखा प्रोग्राम अशा वेळी फसवणुकीचा इशारा देतो आणि त्याचं काही चुकत नाही. यावर दोन उपाय आहेत. एचटीएमएल प्रतीत पत्त्याऐवजी शब्द लिहा, किंवा मोजणीची लिंक तुमच्याच डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) उपनावावरून जाईल अशी व्यवस्था सेवेकडून करून घ्या. मला विचाराल तर दोन्ही करा, आणि ज्या मेलमध्ये क्लिक मोजून काही ठरवायचंच नाही तिथे मोजणी बंद ठेवा.

लिंक लहान करणाऱ्या सेवा मेलमध्ये वापरू नका. अक्षरांची मर्यादा नसताना पत्ता लहान करण्याचं कारण उरत नाही. फक्त तो झाकला जातो, आणि स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणांना झाकलेले पत्ते आवडत नाहीत.

मराठी पानांच्या पत्त्यांची एक खास अडचण आहे. पत्त्यात देवनागरी असेल तर प्रत्यक्षात तो टक्क्याच्या खुणांच्या संकेतात जातो. 'मराठी' या एका शब्दात ५ चिन्हं आहेत, त्यांचे १५ बाइट होतात आणि संकेतात ४५ अक्षरं. ब्राउझर वरच्या पट्टीत सुबक देवनागरी दाखवतो, पण कॉपी करून मेलमध्ये चिकटवलं की टक्क्यांची रांग येते. एचटीएमएल प्रतीत ती शब्दांच्या मागे लपते, तिथे प्रश्न नाही. साध्या प्रतीत मात्र सुबक देवनागरी पत्ता लिहायचा मोह टाळा. काही प्रोग्राम देवनागरी अक्षर आलं की पत्ता संपला असं समजतात आणि अर्धाच भाग निळा करतात. रांग कुरूप असली तरी चालते. साइट तुमच्याच हातात असेल तर मेलसाठी एक छोटा, साधा पत्ता तयार करून घ्या.

यापुढची गोष्ट अनेक वर्षं मेल पाठवणाऱ्यांनाही माहीत नसते. तुमची लिंक माणसाच्या आधी बऱ्याचदा यंत्र उघडतं. मोठ्या कार्यालयांत येणाऱ्या मेलमधली प्रत्येक लिंक सुरक्षेची यंत्रणा तपासते, काही वेळा ती उघडूनही पाहते. त्यामुळे नुसती उघडल्याने काही घडेल अशी लिंक कधीही देऊ नका. 'हजेरी मान्य', 'खातं बंद करा', 'मत द्या' अशा लिंकवर आधी पान उघडावं आणि त्यावरचं बटण माणसाने दाबावं. नाहीतर सगळ्या विभागाने बैठकीला होकार दिल्याचं दिसेल आणि मेल कोणी वाचलेलाही नसेल.

सदस्यत्व रद्द करण्याच्या लिंकचं नेमकं असंच होत असे. म्हणून २०१७ मध्ये आरएफसी ८०५८ हे मानक आलं. त्यात मेलच्या शीर्षभागात (पाठवणारा, विषय वगैरे नोंदींच्या भागात) वेगळी नोंद असते, मेल प्रोग्राम स्वतःचं 'अनसबस्क्राइब' बटण दाखवतो आणि ते दाबल्यावर जाणारी विनंती साध्या लिंक उघडण्याहून वेगळ्या प्रकारची असते, त्यामुळे तपासणाऱ्या यंत्राकडून ती चुकून जात नाही. २०२४ पासून जीमेल आणि याहू मोठ्या प्रमाणावर प्रचाराचे मेल पाठवणाऱ्यांकडून ही सोय सक्तीने मागतात; जीमेलच्या लेखी दिवसाला ५,००० मेल म्हणजे मोठं प्रमाण. तुम्ही शंभरच पाठवत असाल तरी ती द्या. बाहेर पडायचा रस्ता सापडला नाही की लोक स्पॅमचं बटण दाबतात.

मेल पुढे पाठवले जातात हेही लक्षात असू द्या. ज्या लिंकवर क्लिक करताच कोणाचं तरी खातं उघडतं, ती एकदाच चालावी आणि लवकर बाद व्हावी. 'मेल टू' प्रकारची (दाबली की नवा मेल लिहायची चौकट उघडणारी) लिंक दिली तर ईमेलचा पत्ता डोळ्यांना दिसेल असाही लिहा, कारण ज्याच्या मशिनवर मेलचा प्रोग्राम लावलेला नाही त्याच्याकडे ती दाबून काहीच होत नाही.

बटण हवंच असेल तर ते चित्र असू नये. टेबलाच्या घराला रंग आणि मोकळी जागा द्या, आत साधी लिंक ठेवा. लिंकलाच दिलेली मोकळी जागा जुनं आउटलुक मानत नाही. बोटाने दाबण्यासाठी उंची निदान ४४ पिक्सेल असू द्या.

पायरी ५: चित्रं

चित्र दिसणारच नाही असं धरून चाला. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर (चित्राच्या जागी दिसणारे शब्द) द्या. नुसत्या शोभेच्या चित्राला तो रिकामा ठेवा, पण टॅगमध्ये 'ऑल्ट' हा गुणधर्म लिहा. रुंदी टॅगमध्ये आकड्याने द्या. एसव्हीजी प्रकारची आणि कोडमध्येच कोंबलेली चित्रं जीमेल दाखवत नाही, पीएनजी किंवा जेपीजी वापरा. तारीख, वेळ, ठिकाण चित्रात कधीही टाकू नका. शोधलं तर सापडत नाही, कॉपी होत नाही आणि वाचूनही दाखवता येत नाही.

मेल उघडला का ते कळावं म्हणून न दिसणारं एक पिक्सेलचं चित्र टाकायची पद्धत जुनी आहे. २०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं आणि २०२१ मध्ये ॲपलने मेल उघडण्याआधीच चित्रं आणून ठेवण्याची सोय दिली. त्यामुळे 'इतक्या जणांनी मेल उघडला' हा आकडा गंभीरपणे घेण्यात अर्थ राहिलेला नाही.

पायरी ६: काळा पडदा, उत्तरं आणि फॉरवर्ड

डार्क मोडमध्ये काही ॲप तुमचे रंग परस्पर उलटे करतात. पारदर्शक पार्श्वभूमीवरचं काळं बोधचिन्ह अशा वेळी दिसेनासं होतं, त्याला पांढरी कड द्या. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचे रंग नेहमी जोडीने ठरवा, एकच ठरवून दुसरा सोडून देऊ नका. 'लाल रंगातल्या सूचना पाहा' असं लिहू नका, लाल कदाचित लाल राहणार नाही.

फॉरवर्ड केल्यावर मांडणी बिघडते आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. उत्तर देताना आधीची सगळी माळ खाली लोंबत ठेवण्यापेक्षा ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढंच उद्धृत करून त्याखाली लिहा. 'माझी उत्तरं निळ्या रंगात' हा प्रकार कार्यालयांत फार चालतो, पण तिसऱ्या फेरीनंतर कोण कोणाला काय म्हणालं ते कळेनासं होतं. त्यापेक्षा ओळीच्या आधी नाव लिहा.

पायरी ७: पाठवण्याआधी

मेल स्वतःला पाठवा आणि निदान तीन ठिकाणी उघडा: ब्राउझरमधलं जीमेल, विंडोजवरचं आउटलुक आणि फोन. एकदा चित्रं बंद करून, एकदा डार्क मोडमध्ये. जीमेलमध्ये मेलच्या बाजूच्या तीन टिंबांच्या मेनूत मूळ मेल दाखवण्याची सोय आहे. तिथे साधी प्रत आहे का आणि ती आधी आहे का ते दिसतं. देवनागरीच्या जागी तिथे अगम्य अक्षरांची रांग दिसली तर घाबरू नका, प्रवासासाठी मजकूर तसाच बांधला जातो.

लिंक मसुद्यात तपासू नका. आलेल्या मेलमधून एकेक दाबून पाहा, कारण मोजणीचे पत्ते पाठवतानाच लागतात. आणि शक्य तिथे महत्त्वाच्या लिंक स्वतःच्या साइटवरच्या पत्त्यावर ठेवा, मग तिथून हव्या त्या फॉर्मकडे किंवा फाइलकडे वळवा. गेलेला मेल दुरुस्त करता येत नाही, पण फॉर्म बदलला किंवा चुकीची फाइल जोडली गेली असेल तर त्या पत्त्याचं वळण पाच मिनिटांत बदलता येतं. ते पत्ते साइट नव्याने बांधतानाही मोडू देऊ नका. दोन वर्षांपूर्वीचा मेल शोधून काढून त्यातली लिंक दाबणारे लोक असतात.